नऊ किलोंची रेषा : मागे तोंड असलेल्या कार-सीटचा इतिहास

पश्चिम द्रुतगती महामार्गावर दिंडोशीच्या आसपास सकाळी गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत असते. त्या रांगेतल्या मोटारींत एक दृश्य हमखास दिसते. पुढच्या आसनावर आई, तिच्या मांडीवर वर्ष-दीड वर्षाचे मूल, आणि मुलाचे तोंड काचेकडे. ज्या थोड्या मोटारींत मुलांसाठी वेगळी सीट असते, तिथेही ती बहुधा पुढे तोंड करून बसवलेली असते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : मूल वर्षाचे झाले, आता सीट फिरवायला हरकत नाही.

हा वर्षाचा नियम आला कुठून? शरीरशास्त्र त्याला आधार देत नाही. गंमत अशी की, मागे तोंड असलेली सीट ज्याने प्रथम घडवली त्याच्या डोळ्यांसमोर तान्ही बाळे नव्हतीच. त्याने ती एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घडवली होती.

या कथेचे मूळ मोटारीत नसून विमानविद्येत आहे. १९४७ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप रॉकेटने ढकललेल्या घसरगाडीवर स्वतः बसले. प्रश्न एवढाच होता की, अचानक थांबण्याचा धक्का मनुष्यदेह कुठवर सोसतो. पहिली फेरी त्यांनी मागे तोंड करून घेतली. पुढे १९५४ च्या डिसेंबरात, पुढे तोंड करून, ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगावरून ते दीड सेकंदाच्या आत थांबले. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट ताण त्यांच्या देहाने सोसला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. या प्रयोगमालिकेतून निघालेला एक निष्कर्ष साधा होता : पाठ टेकलेला माणूस पट्ट्याला लटकलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक धक्का सोसतो. ब्रिटनच्या हवाई दलाने आपल्या वाहतूक विमानांतील आसने मागे तोंड करून बसवली, ती याच विचाराने. नागरी विमान कंपन्यांनी मात्र तिकडे लक्ष दिले नाही. प्रवाशांना मागे पाहत उडणे आवडणार नाही, ही भीती विज्ञानावर मात करून गेली.

पुढचा दुवा स्वीडनचा. डॉक्टर बर्टिल आल्डमन वाहन-अपघातांतील इजांचा अभ्यास करीत होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेतील अंतराळवीरांची आसने त्यांच्या पाहण्यात आली. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीर पाठीवर रेलून असत, म्हणजे सारा भार पाठीवर पसरे. हेच लहान मुलांसाठी का करू नये, असा विचार त्यांना सुचला. १९६४ साली अशा सीटचा पहिला नमुना व्होल्वोच्या मोटारीत तपासला गेला. त्याच वर्षीच्या स्टॅप परिषदेत आल्डमन यांनी आपला निबंध मांडला. ही परिषद त्याच जॉन पॉल स्टॅप यांच्या नावाची, हा योग नोंदवण्याजोगा. निबंधाच्या शीर्षकातच वय होते : एक ते सहा वर्षे.

मुंबईच्या इतिहासातही १९६४ हे साल मोटारीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून त्याच वर्षी फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरापर्यंत शहरात फिरलेली तीच ही गाडी. पुढचे आसन अखंड बाकासारखे, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पट्टे नाहीत. तिघे पुढे बसत आणि चौथे मूल कोणाच्या तरी मांडीवर. मांडी ही मुंबईकराची पहिली कार-सीट ठरली, ती तेव्हापासून. भारतात पुढच्या आसनांना पट्टे बसवणे उत्पादकांवर बंधनकारक झाले ते १९९४ साली, आल्डमन यांच्या प्रयोगानंतर तीस वर्षांनी.

आता मांडीचा हिशेब पाहू. दहा किलोंचे मूल ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत बसले आहे आणि मोटार समोर आदळली. त्या क्षणी मुलाला थोपवून धरण्यासाठी त्याच्या वजनाच्या वीस ते तीस पट बळ लागते, म्हणजे दोनशे ते तीनशे किलो उचलण्याइतके. हे कोणत्याही आईच्या हातांना जमणारे नाही. त्यात ममतेचा काही दोष नाही.

पट्टा बांधून पुढे तोंड करून बसवले, तर धड जागेवर राहते. पण डोके पुढे फेकले जाते. मोठ्या माणसाचे डोके शरीराच्या वजनाचा सुमारे सोळावा भाग असते, तर तान्ह्या मुलाचे जवळजवळ चौथा. हे जड डोके ज्या मानेवर असते, तिच्या मणक्यांचे तुकडे अजून कूर्चेने जोडलेले असतात. ते हाडाने सांधले जातात साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षांच्या दरम्यान. आल्डमन यांनी सहा वर्षांची मर्यादा का धरली असेल, याचे उत्तर या सांध्यांत दिसते. सीटचे तोंड मागे असेल तर डोके, मान आणि पाठ एकत्रच कवचात दाबली जातात आणि मानेला स्वतंत्र हिसका बसत नाही. मागून धडक बसली तर काय, असे कोणी विचारते. मागची धडक सहसा एकाच दिशेने जाणाऱ्या वाहनांची असते, त्यामुळे वेगांतील फरक कमी राहतो. जीवघेण्या धडका बहुतांशी समोरच्या.

मग एक ते सहा वर्षांची ही सीट तान्ह्या बाळांपुरती कशी उरली?

अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सने 'लव्ह सीट' आणली. बाळासाठी मागे तोंड, थोड्या मोठ्या मुलासाठी पुढे तोंड, अशी विभागणी तिथे रुजली. टेनेसी राज्याने १९७८ साली मुलांच्या सीटचा पहिला कायदा अमलात आणला. त्यामागे रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाचा पाठपुरावा होता. युरोपात १९८० च्या दशकाच्या आरंभी आर४४ हा नियम आला. त्याने मुलांना वयाऐवजी वजनाने गटांत बसवले : १३ किलोंपर्यंत एक गट, ९ ते १८ किलोंचा दुसरा. दुसऱ्या गटाला पुढे तोंड करण्याची मुभा होती. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्लाही बराच काळ एक वर्ष आणि २० पौंड असाच होता, आणि २० पौंड म्हणजे नऊ किलो. अशा रीतीने दोन खंडांत एकच रेषा आखली गेली. ती होती किमान मर्यादा : याच्या आधी फिरवू नका. आईबापांनी तिचा अर्थ उलट घेतला : एवढे झाले की फिरवा.

स्वीडनने ही रेषा मानली नाही. तिथे मूल किमान चार वर्षांचे होईतो मागे तोंड करून बसते आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. २००९ पासून तिथल्या रस्ते व वाहतूक संशोधन संस्थेची 'प्लस' चाचणी मानेवरचा ताण मोजते. ती आजवर मागे तोंड असलेल्या सीटच उत्तीर्ण झाल्या आहेत.

अमेरिकेत बदलाची चक्रे फिरली ती २००७ च्या एका शोधनिबंधाने. मागे तोंड केलेली लहान मुले पाचपट सुरक्षित, हा त्याचा निष्कर्ष सर्वतोमुखी झाला आणि २०११ साली बालरोगतज्ज्ञ संघटनेने मर्यादा दोन वर्षांवर नेली. दशकभराने त्या निबंधाच्या संख्याशास्त्रीय मांडणीत चूक आढळली आणि तो मागे घेण्यात आला. 'पाचपट' हा आकडा आजही जाहिरातींत भेटतो. त्यावर विसंबू नये. मात्र मानेच्या रचनेची आणि स्वीडनच्या अनुभवाची बाजू त्या एका निबंधावर उभी नव्हती. २०१८ साली संघटनेने वयाची अटच काढली आणि सीटच्या कमाल मर्यादेपर्यंत मागे तोंड ठेवा, असे सांगितले. युरोपच्या २०१३ मधील आर१२९ या नव्या नियमाने पंधरा महिन्यांपर्यंत ते सक्तीचे केले.

भारतात कायदा २०१९ साली आला. मोटार वाहन कायद्याच्या सुधारित कलम १९४ बी प्रमाणे चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित केलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. तोंड कोणीकडे असावे, याबद्दल कलम मौन बाळगते. ए.आय.एस.-०७२ हे भारतीय मानक जुन्या आर४४ वर बेतलेले असल्याने नऊ किलोंची रेषाही त्याबरोबर आली.

दिंडोशीवरून जाणारा हाच महामार्ग उत्तरेला पालघर जिल्ह्यात शिरतो. तिथे चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून मोटारीतील सर्वांना पट्टा सक्तीचा केला. मागचे आसन म्हणजे सुरक्षित आसन, हा समज त्या पुलावर मोडला. पुढच्या आसनाचा धोका निराळा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वाशी येथे पुढच्या आसनावरचा सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्याने दगावला. मागे तोंड असलेली सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नये. अशा सीटची पाठ एअरबॅगच्या अगदी लगत येते आणि सारा तडाखा बाळाच्या डोक्यावर बसतो.

याच वर्षांत मोटारींची परीक्षाही बदलत गेली. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने भारतीय बाजारातल्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारी धडकवून पाहिल्या. प्रौढांच्या सुरक्षेत पाचही शून्य ताऱ्यांवर राहिल्या. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशी चाचणी सुरू आहे आणि तीत दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या प्रतिकृती बसवल्या जातात. मुलांचे तारे प्रौढांच्या ताऱ्यांहून वेगळे मोजतात. शोरूममध्ये सांगितले जातात ते बहुधा प्रौढांचे.

आता निवडीचा प्रश्न. बाजारात सर्रास मिळणारी ० ते १८ किलोंची सीट मागे तोंड करून बहुधा १३ किलोंपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-तक्त्यांनुसार मध्यम बांध्याचे मूल १३ किलोंचे होते अडीच वर्षांच्या सुमारास. म्हणजे ज्या घरात वर्षाच्या वाढदिवशी सीट फिरवली जाते, त्या घरात आधीच विकत घेतलेले सुमारे दीड वर्षाचे संरक्षण वाया जाते. मागे तोंड करून १८ किलोंपर्यंत चालणारी सीट मिळाली, तर वजनाच्या हिशेबाने पाचवे वर्ष गाठता येते. आर१२९ च्या १०५ सेंटिमीटरवाल्या सीटला सव्वाचार वर्षांच्या आसपास. वजनाआधी उंची संपते, हेही ध्यानात असावे : डोक्याचा माथा कवचाच्या कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे. खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघावेत. पाय आखडतात, ही तक्रार मोठ्यांची असते. मूल खुशाल मांडी घालून बसते.

छोट्या हॅचबॅकमध्ये खरी अडचण लांबीची. अशी सीट मागे बसवली की पुढचे आसन सरकवावे लागते आणि पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्याच मोटारीत बसवून पाहावी. मोटारीत आयसोफिक्सचे कडे आहे की पट्ट्यानेच बांधायची, आधाराचा पाय टेकतो तिथली जमीन भक्कम आहे की पोकळ कप्पा, हे तेव्हाच कळते.

अर्थात दिंडोशीतली पुष्कळ मुले बालवाडीला मोटारीने जातच नाहीत. स्कूटरसाठी केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे : चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, डोक्याला हेल्मेट, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. रिक्षात मागच्या आसनाला पट्टाच नसतो. तिथे मूल अजून मांडीवरच बसते.