रिओतील देवीची लस आणि दोन प्रकारचे तरुण

लस नाकारणारा मनुष्य अडाणीच असावयाचा, ही समजूत शिकलेल्या वर्गात फार रूढ आहे. ब्राझीलची त्या वेळची राजधानी रिओ द जानेरो येथे १९०४ साली जे घडले, ते वाचून आम्हांस या समजुतीविषयी शंका वाटू लागली.

देवीची लस सक्तीची करणारा कायदा ३१ ऑक्टोबर रोजी संमत झाला. आरोग्यखात्याचे प्रमुख ओस्वाल्दो क्रूझ मोठे शास्त्रज्ञ खरे. पण लोकांचे मन वळविण्यापेक्षा हुकमावरच त्यांची भिस्त अधिक. १० नोव्हेंबरपासून शहरात दंगल उसळली. १४ तारखेस लष्करी विद्यालयाचे छात्र सशस्त्र बाहेर पडले. हे तरुण गणित-विज्ञान शिकलेले आणि काँतच्या प्रत्यक्षार्थवादात मुरलेले होते. नागरिकाच्या देहावर सरकारची सत्ता चालू नये, असा त्या पंथाचा आग्रह होता. सरकार उलथविण्याचा बेतही त्यात होताच.

गोदीजवळच्या साउद वस्तीतील तरुणांची गोष्ट निराळी. (या नावाचा अर्थ 'आरोग्य', हे पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको.) तेथे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. गुलामगिरी १८८८ मध्येच संपलेली, म्हणजे त्यांच्यापैकी अनेकांचे आईबाप गुलामीत वाढलेले. नवे रुंद रस्ते काढण्यासाठी शहरातील गरिबांची घरे पाडली जात होती आणि आरोग्यखात्याची माणसे पोलिसांसह दारात येत होती. तोच हात आता सुई घेऊन आला. शिवाय आफ्रिकेतून आलेल्या श्रद्धेप्रमाणे हा रोग देणारा आणि बरा करणारा देव ओमोलू. रोगालाच 'देवी' म्हणणाऱ्या आपणांस हे समजणे कठीण जाऊ नये. 'प्राता प्रेता' या टोपणनावाच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्याच्या हाताखाली त्यांनी रस्त्यांत अडसर रचले. त्या ठाण्यास, रूसो-जपानी युद्ध तेव्हा चालू असल्याने, 'पोर्ट आर्थर' हे नाव पडले.

१६ तारखेस आणीबाणी पुकारली गेली आणि लसीची सक्तीही मागे घेण्यात आली. दंगलीत ३० माणसे मेली, ९४५ पकडली गेली. छात्रांना विद्यालयातून काढले खरे, पण १९०५ मध्ये सार्वत्रिक माफी मिळाली. गरिबांपैकी ४६१ जणांस मात्र खटल्यावाचून दूरच्या आक्रे प्रांतात धाडण्यात आले. एकाच नकाराचे हे दोन हिशेब आम्हांस त्या दंगलीहूनही अधिक बोलके वाटतात.

१९०८ मध्ये रिओत देवीची भयंकर साथ आली आणि सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी लोक आपण होऊन लस टोचून घेण्यास गेले.