क्षारपड जमिनीत जिवाणू पिकाला कशी मदत करतात?

भारतात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात पाण्याचा अतिवापर आणि अपुरा निचरा ही त्याची मुख्य कारणे आहेत. भूजल वर येते, पाण्याची वाफ होते आणि क्षार वरच्या थरात साचतात.

पिकाचे काय होते?
जमिनीत ओल असूनही मुळांना पाणी शोषता येत नाही. ताणामुळे वनस्पतीत इथिलीन वाढते आणि मुळांची वाढ खुंटते.

जिवाणू काय करतात?
बॅसिलस, स्यूडोमोनास, हॅलोमोनास या गटांतील काही जिवाणू खारट मातीतही मुळांभोवती तग धरतात. त्यांपैकी काही ‘एसीसी डीअमिनेज’ हे विकर तयार करतात. इथिलीन ज्या एसीसी संयुगापासून बनते, त्याचेच हे विकर विघटन करते. काही जिवाणू चिकट बहुशर्करा स्रवतात. ती सोडियम धरून ठेवते, त्यामुळे मुळांपर्यंत तो कमी पोहोचतो.

वापर कसा?
बीजप्रक्रिया करून, रोपांची मुळे द्रावणात बुडवून किंवा शेणखतात मिसळून.

मर्यादा कोणत्या?
जिवाणू जमिनीतले क्षार बाहेर काढत नाहीत. मातीतल्या मूळच्या जिवाणूंशी स्पर्धा असल्याने प्रयोगशाळेतला परिणाम प्रत्येक शेतात दिसतोच असे नाही. त्यामुळे निचऱ्याचे चर आणि पाण्याचा बेताचा वापर टाळता येत नाही. चोपण जमिनीला जिप्समही लागते. जिवाणू खत हा या उपायांचा जोडीदार आहे, पर्याय नाही.