तोलून मोजायची गोष्ट

धान्याचे दाणे कुणी एकेक करून मोजत नाही, आपण ते तोलतो. पण तोलूनही संख्येचा अंदाज लागतो. समजा, हरभऱ्याचा एक दाणा ज्वारीच्या दाण्याच्या आठपट भरतो. मग एक किलो ज्वारीत जेवढे दाणे, तेवढेच आठ किलो हरभऱ्यात. अणू तर डोळ्यांना दिसतही नाहीत. शास्त्रज्ञांनी त्यांची मोजदाद याच वाटेने केली, पण ती वाट सर्वांना पटायला पन्नास वर्षं गेली.

इंग्लंडमध्ये जॉन डाल्टन नावाचे शिक्षक होते. १८०८ साली त्यांच्या पुस्तकात आलं, की प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचं वजन ठरलेलं असतं. हायड्रोजन सगळ्यांत हलका, म्हणून त्याचा अणू १ धरायचा आणि बाकीचे त्याच्या किती पट ते काढायचं. पाण्यात वजनाने हायड्रोजन एक भाग, तर ऑक्सिजन आठ भाग. पण अणू किती? डाल्टन म्हणाले, एकास एक. तसं धरलं तर ऑक्सिजनचा अणू आठपट जड ठरतो.

१८११ साली इटलीच्या आमेदेओ आव्होगाद्रो यांनी वेगळं सांगितलं. तापमान आणि दाब सारखे असतील, तर सारख्या जागेत कुठल्याही वायूचे कण सारखेच मावतात. पाणी तयार होताना हायड्रोजनची दोन मापं लागतात आणि ऑक्सिजनचं एक. म्हणजे पाण्याच्या कणात हायड्रोजनचे अणू दोन, ऑक्सिजनचा एक. मग ऑक्सिजन सोळापट जड झाला! पण यासाठी एकाच जातीचे दोन अणू जोडीने राहतात असं मानावं लागत होतं. तेव्हाच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. १८५६ साली आव्होगाद्रो वारले, तरी त्यांचं म्हणणं बाजूलाच पडलेलं होतं.

इकडे प्रत्येकाचा हिशेब वेगळा. व्हिनेगरमधल्या एकाच आम्लाची १९ सूत्रं चालू होती. शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी मोठी परिषद भरली. तिथे इटलीच्या स्तानिस्लाओ कानिझ्झारो यांनी आव्होगाद्रोंची बाजू मांडली. निघताना त्यांची छोटी पुस्तिका लोकांच्या हाती पडली. घरी जाऊन वाचल्यावर अनेकांना ते पटलं.

त्यातून पुढे एक माप आलं, ‘मोल’. आपण मोल म्हणजे किंमत म्हणतो, हे मोल वेगळं. डझन म्हणजे १२, तसं मोल म्हणजे ६ वर २३ शून्यं, जवळजवळ एवढे कण. कणाचं तुलनेचं वजन जितकं, तितके ग्रॅम घेतले की एक मोल होतो. पाणी १८ ग्रॅम, मीठ साडेअठ्ठावन्न ग्रॅम, ग्लुकोज १८० ग्रॅम. वजनाला या आकड्याने भागलं की मोल कळतात, मोलांना त्या मोठ्या संख्येने गुणलं की कण कळतात.

आपल्या घरात हे कुठे येतं? हगवणीवर देतो त्या ओआरएसच्या पाकिटात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००२ साली सुधारलेल्या प्रमाणात एक लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम आहे. वजनात केवढा फरक! पण १३.५ ला १८० ने भागा, ०.०७५ मोल येतात. मीठ आणि पाकिटातलं सायट्रेट मिळून सोडियमही ०.०७५ मोल भरतं. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत जातं आणि त्यांच्यामागे पाणी. म्हणून वजन नव्हे, कणांची संख्या जुळवलेली आहे.

पाणी कमी घातलं तर मीठ दाट होतं, आणि लेकराला ते अपायाचं ठरतं. जास्त घातलं तर औषध पातळ होतं. पाकिटं लहान-मोठी मिळतात, म्हणून आधी पाकिटावरचं वाचा आणि तेवढंच पाणी मापून घाला. पुढच्या बैठकीत एक पाकीट आणा आणि सगळ्याजणी मिळून त्यावरचे आकडे वाचून पाहा.