उत्तर आधी कोणाला ठाऊक होते?



या व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की गडकोट, लढाया आणि तह येतात, आणि ते यावेतच. आम्ही मात्र आज एका निराळ्या लढाईची हकीगत सांगणार आहोत. ती न्यूयॉर्कमधल्या दोन बंद खोक्यांत लढली गेली, कोट्यवधी माणसांनी ती श्वास रोखून पाहिली आणि तिचा निकाल मात्र पहिली तोफ उडण्यापूर्वीच ठरलेला होता.

निमित्त असे झाले. अमेरिकेत केवळ खेळांच्या कार्यक्रमांना वाहिलेली एक दूरचित्रवाहिनी आहे, गेम शो नेटवर्क तिचे नाव. तिने २००६ साली आजवरच्या सर्वोत्तम पन्नास खेळांची यादी केली आणि पन्नासाव्यापासून पहिल्यापर्यंत उलट मोजत ती पडद्यावर दाखवली. पहिला मान 'मॅच गेम' या खेळाला मिळाला. हा खेळ कसा, तर एका वाक्यातला एक शब्द गाळायचा आणि त्या रिकाम्या जागी समोर बसलेली सहा नामवंत मंडळी काय लिहितील ते स्पर्धकाने ओळखायचे. बरोबर उत्तर असे त्यात नाहीच. मंडळींनी जे लिहिले तेच उत्तर. हशा भरपूर, बक्षीस बेताचे.

पहिला नंबर कोणाचा यावर भांडण्यात आम्हाला रस नाही. पण एका गोष्टीचा उलगडा आम्हाला होईना. याच देशात १९५५-५६ साली ज्ञानाच्या परीक्षेसारखा खेळ सगळ्या कार्यक्रमांच्या डोक्यावर बसला होता. त्याच देशात पुढे ज्ञानाला जवळजवळ रजा देणारे खेळ एवढे लाडके का व्हावेत? शोध घेता घेता आम्ही त्या दोन खोक्यांपाशी येऊन पोहोचलो.

गोष्ट रेडिओपासून सुरू होते. १९४० साली सीबीएस रेडिओवर 'टेक इट ऑर लीव्ह इट' नावाचा कार्यक्रम निघाला. पहिल्या प्रश्नाला एक डॉलर, मग दोन, चार, आठ असे दुप्पट होत शेवटचा प्रश्न चौसष्ट डॉलरचा. दरेक पायरीवर मिळालेले घेऊन घरी जायचे, की सगळे पणाला लावायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. रेडिओवरून पैसे वाटणारे असे कार्यक्रम म्हणजे लॉटरीच, अशी तिथल्या सरकारी आयोगाची भूमिका होती आणि १९४९ साली त्याने तसे नियमही केले. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले. दार उघडले. ७ जून १९५५ रोजी टेलिव्हिजनवर तोच खेळ आला, फक्त चौसष्टापुढे तीन शून्ये लागली होती.

पैसा सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या रेव्हलॉन कंपनीचा होता. थाट असा की प्रश्नांच्या पाकिटांबरोबर बँकेचा अधिकारी आणि पहारेकरी उभे. हा थाट पाहूनच आम्हाला शंका यायला हवी होती. तिजोरीपुढे पहारा जितका दिसेल असा, तितके मागचे दार पाहून ठेवावे.

पण लोकांना वेड लागले ते पहाऱ्यामुळे नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत ब्राँक्समधला एक चांभार पुढे आला. जिनो प्राटो त्याचे नाव. इटलीतून आलेला, दिवसभर जोडे दुरुस्त करणारा; आणि त्याला इटालियन ऑपेरा तोंडपाठ. बत्तीस हजारांवर तो थांबला. नौदलाच्या लढाऊ दलातला एक कप्तान पाककलेवरच्या प्रश्नांची उत्तरे देऊन चौसष्ट हजार जिंकणारा पहिला ठरला. हातावर पोट असलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय साठलेले असते, हे वरच्या वर्गाला ठाऊक नसते आणि खालच्या वर्गाला सांगायला कोणी बोलवीत नाही. ते एकदा सर्वांसमोर बाहेर पडले की ऐकणाराचा ऊर भरून येतो. आपल्याकडे २००० सालापासून 'कौन बनेगा करोडपती' चालले ते याच बळावर. तो खेळ इंग्लंडमार्गे आला, पण त्याचे कूळ हेच. अमरावती जिल्ह्यात शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवणाऱ्या एका बाईंनी २०१९ साली त्यात एक कोटी जिंकले, तेव्हा आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत जणू आपलीच लेक पास झाली.

तर हे भांडवल माणसांच्या मनातले होते, आणि विकले जात होते लिपस्टिक. कंपनीचा माल दुकानांतून संपू लागला. मग साहजिकच मालक विचारू लागले की कोणता स्पर्धक ठेवायचा आणि कोणता काढायचा. दर आठवड्याला बैठक भरे. अमका लोकांना आवडतो, राहू द्या. तमका कंटाळवाणा आहे, जाऊ द्या. जॉइस ब्रदर्स या मानसशास्त्राच्या विदुषी मुष्टियुद्ध हा विषय घेऊन आल्या होत्या. त्यांना काढण्यासाठी मुद्दाम मुष्टियोद्ध्यांऐवजी पंचांवरचे प्रश्न घातले गेले. बाईंनी पंचांचाही अभ्यास केलेला होता! चौसष्ट हजार घेऊनच त्या उठल्या. या साऱ्या प्रकरणात आम्हाला मनापासून हसू आले ते इथेच.

दुसऱ्या वर्षी एनबीसीवर 'ट्वेंटी-वन' आला. जिन्नस होता 'जेरिटॉल' नावाचे शक्तिवर्धक औषध, सूत्रसंचालक जॅक बॅरी, निर्माता डॅन एनराइट. दोन स्पर्धक दोन बंद खोक्यांत, एकाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही, आणि एकवीस गुण आधी कोण करतो ते पाहायचे. १२ सप्टेंबर १९५६ चा पहिला प्रयोग संपूर्ण प्रामाणिक झाला. आणि पडला! दोन्ही स्पर्धक प्रश्नामागून प्रश्न चुकत गेले. दुसऱ्या दिवशी औषधवाल्यांचा निरोप आला की असले पुन्हा आम्हाला दिसता कामा नये. तेव्हापासून उत्तरे आधी देण्यात येऊ लागली.

हर्बर्ट स्टेम्पेल हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातला विद्यार्थी, लष्करात नोकरी करून आलेला, बुद्धीने तल्लख. त्याला उत्तरे तर दिलीच, शिवाय पोशाखही ठरवून दिला. सासऱ्याचा जुना, अंगाला न बसणारा सूट घालायचा. केस गरिबासारखे कापायचे. घाम रुमालाने पुसायचा नाही, हलकेच टिपायचा. घाम यावा म्हणून खोक्यातली थंड हवा बंद ठेवायची. असा गरीब, तुसडा, हुशार माणूस उभा करून त्याला काही आठवडे जिंकू दिले. आणि लोकांचा रस आटू लागताच हरण्याचा हुकूम दिला.

समोर आणला चार्ल्स व्हॅन डोरेन. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा, देखणा, कुलवंत. वडील कवी, चुलते चरित्रकार, आणि दोघांनाही पुलित्झर पारितोषिक मिळालेले. त्याला सांगितले गेले की ही तर नुसती करमणूक आहे, उत्तरे देणे हा या धंद्याचा रिवाजच आहे, आणि तुमच्यामुळे शिक्षकांची व विद्येची देशात प्रतिष्ठा वाढेल. माणसाला विकत घेताना त्याच्या ध्येयवादाचीच किंमत त्याला मोजून दाखवायची, ही युक्ती कामगार चळवळीतल्या पुढाऱ्यांनाही अपरिचित नाही.

५ डिसेंबर १९५६ ला स्टेम्पेलला विचारले, १९५५ चे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर कोणाला? उत्तर 'मार्टी', ब्राँक्समधल्या एका खाटकाची साधी कथा. स्टेम्पेलने तो तीनदा पाहिला होता, त्याचा तो आवडता चित्रपट. हुकुमाप्रमाणे त्याने 'ऑन द वॉटरफ्रंट' असे चुकीचे उत्तर दिले. तो चित्रपट गोदी कामगारांचा आणि त्यांच्या विकल्या गेलेल्या युनियनचा. असो. जे आपल्याला येते, आणि येते याचाच अभिमान आहे, ते येत नाही असे देशासमोर म्हणायचे, हे पैसे घेऊनही फार जड जाते. स्टेम्पेलला अखेरपर्यंत बोचले ते हेच.

व्हॅन डोरेन १,२९,००० डॉलरपर्यंत गेला. 'टाइम' साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतले. एनबीसीने वर्षाला पन्नास हजारांची नोकरी दिली. स्टेम्पेललाही काम देण्याचे आश्वासन होते, ते हवेतच विरले. १९५७ साली तो वृत्तपत्रांकडे गेला. पुरावा नाही आणि अब्रूनुकसानीची भीती, म्हणून कोणी छापेना. शिवाय मला उत्तरे दिली गेली नाहीत, असे त्याच्याकडून लिहून घेतलेले होतेच. आम्ही कारखान्यांतल्या खातेचौकशीत पुष्कळदा बसलो आहोत. एकदा चौकशी चालू असतानाच बडतर्फीचे टाईप केलेले पत्र कारकुनाच्या फायलीतून घसरून आमच्या पायाशी पडले. ते दाखवूनही आमचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. तेव्हा स्टेम्पेलचा संताप आम्हाला समजावून द्यावा लागत नाही.

वाचा फुटली ती दुसरीकडूनच. १९५८ च्या मे महिन्यात 'डॉट्टो' या खेळातल्या एका राखीव स्पर्धकाच्या हाती विजेत्या बाईची वही पडली. तीत उत्तरे! ऑगस्टमध्ये तो कार्यक्रम अचानक बंद झाला आणि मग स्टेम्पेलचेही छापून आले. एका चित्रकार स्पर्धकाने तर कमालच केली होती. मिळालेली उत्तरे त्याने खेळाआधीच रजिस्टर टपालाने स्वतःच्याच नावे पाठवून पाकिटे बंद ठेवली होती. पुढे ती काँग्रेसच्या समितीसमोर उघडली गेली. टपाल खात्याच्या शिक्क्याइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाही. आमच्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे.

न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्यूरीपुढे सुमारे दीडशे साक्षीदार आले. त्यांतले शंभरेक शपथेवर खोटे बोलले, असा सरकारी वकिलांचा अंदाज होता. खोटे बोला अशी गळ अनेकांना निर्मात्यांच्या माणसांनीच घातली होती. ज्यूरीचा अहवाल न्यायाधीशांनी दडवून ठेवला. मग ओरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसची उपसमिती बसली आणि २ नोव्हेंबर १९५९ ला व्हॅन डोरेनने तिच्यापुढे सर्व कबूल केले. विद्यापीठाची नोकरी गेली, एनबीसीचीही गेली.

आता निकाल पाहा, कारण आमच्या मते सारे मर्म इथे आहे. खेळाचा निकाल आधी ठरवणे हा त्या वेळी अमेरिकेत गुन्हाच नव्हता! कायद्यात तसे कलम नव्हते. गुन्हा होता तो शपथेवर खोटे बोलण्याचा. म्हणून ज्यांनी प्रश्न लिहिले, उत्तरे वाटली, घाम काढवला, ते त्या कृत्याबद्दल कोर्टाच्या पिंजऱ्यात उभे राहिलेच नाहीत. एका निर्मात्यावर आरोप ठेवला गेला, पण तोही खोट्या साक्षीचाच, आणि पुढे तो काढून टाकण्यात आला. १९६२ साली गुन्हा कबूल करायला उभे राहिले ते व्हॅन डोरेन आणि इतर स्पर्धक. शिक्षा निलंबित झाली, पण डाग राहिला. औषध आणि लिपस्टिक विकणाऱ्या मालकांनी तर आम्हाला काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले. बॅरी आणि एनराइट बरीच वर्षे बाजूला पडले, हे खरे. पण १९७२ मध्ये बॅरी 'जोकर्स वाइल्ड' हा नवा खेळ घेऊन सीबीएसवर परत आला. व्हॅन डोरेन विद्यापीठाच्या त्या नोकरीवर परत गेला नाही.

१९६० साली कायदा झाला. प्रश्नोत्तरांच्या खेळाचा निकाल आधी ठरवणे हा गुन्हा ठरून त्याला दहा हजार डॉलर दंड वा एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा लागली. संपूर्ण कार्यक्रम एकाच जाहिरातदाराच्या हाती असण्याची पद्धत आधीच ओसरू लागली होती. या प्रकरणाने तिला धक्का दिला आणि वाहिन्यांनी कार्यक्रम आपल्या ताब्यात घेतले. मोठ्या बक्षिसांची भीती बसली, ज्ञानाच्या परीक्षेची त्याहून जास्त. सत्तरीच्या दशकात म्हणूनच 'मॅच गेम' आणि 'फॅमिली फ्यूड' गाजले. 'फॅमिली फ्यूड'मध्ये शंभर माणसांना विचारून जे आले तेच बरोबर उत्तर. तिथे आधी उत्तर सांगून फारसे मिळवायचे तरी काय? 'प्राइस इज राइट' १९७२ पासून नव्या रूपात चालला आहे. त्यात वस्तूची किंमत ओळखायची असते, आणि ती परीक्षा बाजाराला जाणारी कोणतीही गृहिणी आमच्यापेक्षा बरी देईल.

ज्ञानाचा एक खेळ मात्र परत आला, तोही या घोटाळ्याच्या पोटातूनच. मर्व ग्रिफिन नवा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम शोधत होता. बायको म्हणाली, त्यांना उत्तरेच का देत नाहीस? स्पर्धकाला उत्तर द्यायचे आणि प्रश्न त्याने सांगायचा. ३० मार्च १९६४ ला 'जेपर्डी' सुरू झाले. ज्या गोष्टीसाठी माणसे समितीपुढे बसली, तीच उघड्यावर मांडून बाईंनी तिचा खेळ केला.

आणखी एक माणूस सांगून आम्ही खाली बसतो. १९८४ साली ओहायोतला मायकेल लार्सन नावाचा एक माणूस, कधी काळी आइस्क्रीमची गाडी हाकणारा, तेव्हा बेकार. 'प्रेस युअर लक' या खेळात फळ्यावर दिवे भराभर फिरत आणि स्पर्धकाने बटण दाबून ते थांबवायचे. थांबला त्या चौकोनात पैसे नाहीतर सर्वनाश. लोक याला नशीब म्हणत. लार्सनने घरी कार्यक्रम व्हिडिओवर उतरवून घेतला, चित्र थांबवून थांबवून पाहिले आणि त्याला दिसले की दिवे वाटेल तसे फिरत नाहीत, त्यांचे पाचच ठरलेले क्रम आहेत. ते त्याने पाठ केले. होते नव्हते ते पैसे खर्चून तो लॉस एंजेलिसला गेला आणि १,१०,२३७ डॉलर घेऊन आला. नियंत्रणकक्षातली मंडळी घाबरी झाली, अधिकाऱ्यांनी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. नियम कुठेच मोडला नव्हता. यंत्र त्यांचे, क्रम त्यांचा. यानेच फक्त लक्ष देऊन पाहिले होते. पैसे द्यावे लागले, आणि त्यानंतर फळ्यावरचे क्रम वाढवण्यात आले.

पुढे एका रेडिओ केंद्राने ठरावीक क्रमांकाची एक डॉलरची नोट आणणाराला बक्षीस लावले. लार्सनने बँकेतून हजारो एकेक डॉलरच्या नोटा काढून घरी आणल्या आणि रात्ररात्र बसून क्रमांक तपासले. ती नोट काही सापडली नाही. उरलेल्या नोटा घरात होत्या, आणि तो बाहेर गेला असता चोरांनी त्या नेल्या.