कूस आणि कायदा

आपल्या सातारा-सांगलीकडे मूल न झालेल्या बाईला वांझ म्हणत. नवस तिनेच करायचे, सवतही तिनेच सोसायची. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट-ट्यूब पद्धतीची मुलगी जन्मली, तेव्हा अशा घरांना नवी वाट दिसली. पुढे मात्र या उपचारांचाही बाजार झाला.

त्यावर नियमन आणणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत १ तारखेस व राज्यसभेत ८ तारखेस संमत झाले. एकटा पुरुष व समलिंगी जोडपी का वगळली, असा सवाल चर्चेत झाला. स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे, आणि कोणी मुलगा-मुलगी निवडून देऊ नये, असे कायद्याने ठरले.

यातली शेवटची अट मला आपल्या सर्वात जवळची वाटते. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेवर मुलींना नवी नावे द्यावी लागली. कूस उजवावी म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या घराने तिथे मुलगाच मागू नये. कायदा दवाखान्यावर नजर ठेवील. घरावर ती आपणच ठेवली पाहिजे.