भाषण ऐकलं की बोलून ठरवलं?

बैठकीला पाहुणे येतात, तासभर सांगतात, आपण माना डोलावतो आणि घरी गेल्यावर पहिले पाढे पंचावन्न. आम्ही समन्वयक बायकाही असं भाषण देतो आणि मग म्हणतो, "बायका ऐकतच नाहीत." चूक खरंच ऐकणारीची का? ऐंशी वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेत मांसाचे चांगले भाग सैन्यासाठी लागत होते. घरोघरी जनावराचं हृदय, गुरदे असे पौष्टिक भाग शिजावेत, असं सरकारला वाटे. पण लोक नाक मुरडत. खाण्याच्या सवयींवर एक समिती नेमली होती. तिच्या सचिव होत्या मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड. प्रयोग केले कुर्ट लेविन यांनी. ते ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांनी जर्मनी सोडली होती.

मानसशास्त्र एकेकाचं मन पाहतं, समाजशास्त्र चालीरीती आणि माणसांचे गट पाहतं. लेविन म्हणत, दोन्ही एकत्र पाहा. ताटात काय येणार, हे बहुतेक घरांत बाईच ठरवते. पण ठरवताना नवरा काय म्हणेल, शेजारीण काय म्हणेल, हेही तिच्या मनात असतं.

त्यांनी रेडक्रॉसच्या कामात असलेल्या गृहिणींचे सहा गट घेतले. एकेका गटात १३ ते १७ बायका. तीन गटांना छान भाषण दिलं: जीवनसत्त्वं, देशसेवा, पाककृतीसुद्धा. उरलेल्या तीन गटांत बायकांनाच बोलू दिलं. शिजताना वास येतो, घरची माणसं तोंड वाकडं करतात, अशा अडचणी त्यांनीच मांडल्या. मग उपाय सांगितले गेले. शेवटी विचारलं, "या आठवड्यात कोण करून बघणार?" आणि हात वर झाले. वेळ दोन्हीकडे सारखाच, पाऊण तास.

पुढे चौकशी केली. पूर्वी कधी न केलेला पदार्थ भाषण ऐकलेल्यांपैकी शंभरात ३ जणींनी केला होता. बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ जणींनी.

१९५५ साली एडिथ बेनेट यांनी हे पुन्हा तपासलं. नुसत्या चर्चेनं फारसं होत नाही, असं त्यांना दिसलं. मनाशी निर्णय व्हावा लागतो आणि "बाकीच्याही तयार आहेत" हे दिसावं लागतं.

पण मैत्रिणींनो, यातच एक धोकाही आहे. सगळ्यांनी हात वर केले म्हणून एखादी मनाविरुद्धही हात वर करते. कर्जाला हो म्हणते, आणि हप्ता मात्र तिला एकटीला फेडावा लागतो. म्हणून आम्ही ठरवलंय, हात मोजण्याआधी कोपऱ्यात गप्प बसलेल्या बाईला विचारायचं, "तुझी अडचण काय आहे गं?" तिचं पुरतं ऐकून मगच ठराव लिहायचा.

तुम्हीही पुढच्या बैठकीत हे करून बघा.