उला ब्राउझर: पहिल्या वापरात काय दिसतं, काय दिसत नाही?

उला हा चेन्नईच्या झोहो कंपनीचा वेब ब्राउझर. तो मे २०२३ मध्ये आला. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर बनवण्याच्या स्पर्धेत झोहोला १ कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं आणि उलाचं नाव चर्चेत आलं.

पहिल्यांदा वापरताना काय जाणवतं?

क्रोमची सवय असेल तर उला परका वाटत नाही. दोघांचाही पाया एकच आहे: क्रोमियम. त्यामुळे टॅब, बुकमार्क ओळखीच्या जागी सापडतात आणि क्रोमची एक्स्टेंशन्सही चालतात. फरक दोन गोष्टींत दिसतो. जाहिराती आणि ट्रॅकर अडवण्याची सोय आधीपासूनच सुरू असते. शिवाय वैयक्तिक, ऑफिस, मुलं अशा वापरांसाठी वेगवेगळे मोड आहेत.

मग काय दिसत नाही?

समजा, नागपूरच्या धरमपेठेतल्या कुणाला मालमत्ता कर ऑनलाइन भरायचाय. वर जो पत्ता दिसतोय, समोर खरंच तीच साइट आहे का, हे ब्राउझर डिजिटल सर्टिफिकेटवरून तपासतो. अशी सर्टिफिकेटं देणाऱ्या कोणत्या संस्थांवर विश्वास ठेवायचा, याची यादी ब्राउझर बाळगतो. ती यादी ठरवणाऱ्याच्या हातात मोठी ताकद असते.

जुलै २०१४ मध्ये हे भारतालाही कळलं. एनआयसीच्या यंत्रणेतून गुगलच्या काही डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. त्यानंतर गुगलनं क्रोममध्ये भारताच्या सरकारी सर्टिफिकेट यंत्रणेवरचा विश्वास मोजक्या डोमेनपुरता मर्यादित केला.

सरकारच्या स्पर्धेत भारताचं रूट सर्टिफिकेट ब्राउझरमध्येच असावं, अशी अट होती. यामुळे परदेशी कंपन्यांवरचं अवलंबित्व कमी होतं. पण २०१४ सारखी चूक पुन्हा झाली, तर ती पकडून जाहीर कोण करणार, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

बदलण्याआधी काय करावं?

जुना ब्राउझर लगेच काढू नये. आठवडाभर दोन्ही ठेवून बँक, सरकारी पोर्टल आणि मराठी टायपिंग तपासावं. एखादं पान नीट उघडत नसेल, तर त्या साइटपुरता जाहिरात-रोधक बंद करून पाहावा. आणि ब्राउझर कोणताही असो, पैसे भरण्याआधी वरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. बनावट साइटकडेही वैध सर्टिफिकेट असू शकतं.